नाकाडी, ठेंगणी आणि मागची सीट

बाईंना स्पोर्ट्स कार घ्यायची आहे हे ऐकून त्यांची लेक फोनवर इतका वेळ हसत राहिली, की बाईंनी फोन ओट्यावर ठेवून तेवढ्यात चार भांडी विसळून घेतली. हात पुसून फोन पुन्हा कानाला लावला तेव्हा लेक म्हणत होती, "आई, तुझ्या शाळेच्या गाडीने कधी चौथा गिअर तरी पाहिलाय का गं?"

तिचं अगदीच खोटं नव्हतं. बाईंची गाडी शिकवायची शाळा होती. अर्ध्या शहराला गाडी त्यांनी शिकवली आणि उरलेलं अर्धं शहर त्या गाडीमागे हॉर्न वाजवत अडकलेलं असायचं. पांढरी गाडी, टपावर पिवळी पाटी, स्टीअरिंगवर घामेजलेल्या हातांचा कुणीतरी शिकाऊ आणि त्याच्या शेजारच्या सीटवर बाई. पायाशी त्यांचा स्वतःचा जादा ब्रेक आणि जादा क्लच. आयुष्य गाडीत गेलं, पण दिवसभर गाडी चालवायचे ते दुसरेच. गेल्या महिन्यात बाईंनी शाळा आपल्या हाताखालच्या शिक्षिकेच्या स्वाधीन केली आणि जाहीर केलं, की आता स्टीअरिंगही आपलं आणि वेगही आपला.

गाडी जपानीच हवी, हा दुसरा हट्ट. शाळेच्या सगळ्या गाड्या जपानी होत्या. शिकाऊंनी त्यांचे हाल हाल केले, पण एकीनेही कधी भर चौकात मान टाकली नाही. बाईंच्या लेखी हे प्रमाणपत्र पुरेसं होतं.

तिसरी एक गोष्ट होती, ती मात्र त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, लेकीलासुद्धा नाही. त्यांना त्या गाडीत नवऱ्याला शेजारी बसवायचं होतं.

आता यात सांगण्या-न सांगण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण बाईंचा नवरा गाडीत पुढे बसत नसे. घरच्या गाडीने बाहेर निघाले, की बाई स्टीअरिंगवर आणि हे मागे. पुढची शेजारची सीट रिकामी. लोकांना वाटायचं, बाई ड्रायव्हर आहेत आणि मागे बसलेत ते साहेब. इमारतींचे रखवालदार यांना सलाम ठोकायचे आणि बाईंना गाडी पलीकडे लावायला सांगायचे. त्यावरून ओळखीपाळखीत त्यांचं नावच 'साहेब' पडलं. साहेब स्वतः विम्याच्या कामात सर्व्हेअर होते. ठोकलेल्या गाडीभोवती फिरायचं, किती मोडलं आणि किती वाचलं ते ठरवायचं आणि रिपोर्ट द्यायचा, हे त्यांचं काम. तेही आता निवृत्त झाले होते, पण नजर काही निवृत्त झाली नव्हती.

लग्नानंतर सुरुवातीची काही वर्षं ते पुढे बसायचे. मग एके दिवशी गुपचूप मागचं दार उघडून बसले, ते कायमचेच. बाईंनी विचारलं तर म्हणाले, "मागची जागा सगळ्यात सुरक्षित. मी रोज बघतो." बाईंनी तेव्हा चेष्टा केली. भित्रा म्हणाल्या. पण आत कुठेतरी ते लागलं. सगळं शहर माझ्यावर विसंबून गाडी शिकतं आणि माझ्याच नवऱ्याचा माझ्या हातावर विश्वास नाही, ही सल त्यांनी तोंडातून कधी काढली नाही आणि मनातूनही काढली नाही.

रविवारी सकाळी दोघं क्लचजाळ्याकडे गेले.

क्लचजाळ्या म्हणजे जुन्या गाड्यांचा व्यापारी. बाईंचाच विद्यार्थी. शिकताना त्याने शाळेच्या गाडीच्या क्लचचा असा काही निकाल लावला होता, की हे नाव त्याला चिकटलं. आता त्याचं पोट सुटलं होतं, केस मागे हटले होते आणि पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये त्याच्या गाड्या ओळीने उभ्या असायच्या, पण बाईंसमोर तो अजूनही हात मागे बांधूनच बोलायचा.

"बाई, तुम्ही म्हणालात तशा दोनच काढून ठेवल्यात," तो म्हणाला. "दोन्ही जपानी, दोन्ही एकेकाच मालकाने वापरलेल्या. बाकी मात्र दोघींचं एकमेकींशी काही म्हणजे काही जमत नाही."

पहिली गडद करडी होती. बॉनेट इतकं लांब, की पुढचं टोक एका गावात आणि ड्रायव्हर दुसऱ्यात. बाईंनी तिचं नाव तिथल्या तिथे ठेवलं, नाकाडी. दुसरी लाल, बुटकी, कापडी टपाची. तिच्याजवळ उभं राहिलं तर टप बाईंच्या छातीलाही पोचत नव्हता. ती ठेंगणी.

"नाकाडीत सहा सिलिंडर, त्यावर टर्बो," क्लचजाळ्या सांगू लागला. "गिअर ऑटोमॅटिक. पाय ठेवला की पाठ सीटला चिकटलीच म्हणून समजा. ठेंगणीत इंजिन निम्मं, टर्बो-बिर्बो काही नाही, गिअर हाताने टाकायचे. पण वजन काहीच नाही हो तिला. त्यामुळे वळणावर नाकाडीला विचार करावा लागतो, ही विचारबिचार करत नाही."

तोवर साहेबांनी कामाला सुरुवात केली होती. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. नाकाडीच्या शेपटीशी उकिडवे बसून, एक डोळा मिटून ते तिच्या कडेने नजर टाकत होते. मग दाराच्या फटीतून बोट फिरवलं, वर एवढी आणि खाली तेवढी असं स्वतःशीच पुटपुटले, पत्र्यावर टिचक्या मारून कान लावला. ठेंगणीच्या डिकीतलं कापड उचलून चक्क वास घेतला.

"ओल नाही," ते म्हणाले.

"नाहीच आहे साहेब!" क्लचजाळ्याच्या जिवात जीव आला.

"पण हिच्या दाराच्या उंबऱ्याखाली गंज धरायला लागलाय. आत्ता खरवडून रंग मारला तर थांबेल. या नाकाडीचा पुढचा बंपर एकदा काढून बसवलाय."

"पार्किंगमध्ये खांबाला टेकली होती, एवढंच."

"माहितीये. खांबच होता." साहेबांनी हात झटकले. "आता असं बघा, समजा ही समोरून ठोकली. एवढ्या लांब नाकात मार जिरेल, माणसं वाचतील, पण रेडिएटर, टर्बो, दिवे, सगळं गेलं. टोटल लॉस. तरी हिचे सुटे भाग सोन्याच्या भावाने जातील. आणि ही लाल जर उलटली—"

"अहो साहेब, अजून विकलीसुद्धा नाही हो मी!" क्लचजाळ्या कळवळला.

बाईंना हसू फुटलं. हे असंच चालायचं. लोक गाडीची किंमत चालवताना काय वाटतं यावरून करतात, हे तिच्या भंगारापासून सुरुवात करून मागे येत. एकदा लेकीची सायकल घेतानाही दुकानात त्यांनी हाच विषय काढला होता आणि दुकानदार पोरीकडे दयेने बघत राहिला होता.

"भंगाराचं राहू द्या," बाई म्हणाल्या. "धडधाकट राहिली तर पुढे विकताना काय येईल ते सांग रे."

"नाकाडीसारख्या गाड्या कमीच बनल्या, त्यामुळे शौकीन लोक शोधत येतात. भाव पडणार नाही, झाला तर चढेलच. पण तोवर तिला पोसावं लागतं. टायर रुंद, पेट्रोल पाण्यासारखं, विमाही तसाच. ठेंगणीचा भाव उडी मारणार नाही, पण गिऱ्हाईक कायम दारात. आणि सांभाळायला सोपी, कुठलाही मेकॅनिक उघडेल." मग साहेबांकडे बघून त्याने आपल्या मते हुकमाचा पत्ता टाकला. "आणि एक, ठेंगणीत सीट दोनच. नाकाडीला मागे दोन आहेत. लहान आहेत, पण आहेत."

साहेबांचा चेहरा उजळला. बाईंचा उतरला. क्लचजाळ्याला दोन्हीतलं काही समजलं नाही.

आधी नाकाडी काढली. साहेब पुढची सीट वाकवून मागे शिरले. शिरले म्हणजे काय, स्वतःची घडी घालून आत ठेवले. गुडघे हनुवटीला लागले, मान तिरकी झाली. "ऐसपैस आहे," ते आतून म्हणाले. क्लचजाळ्या बाईंच्या शेजारी बसला.

फाटकातून बाहेर पडताना रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी बाईंनी इंडिकेटर दिला, थांबल्या, दोन्हीकडे बघितलं आणि मगच निघाल्या. कारखान्यांच्या पलीकडे सरळसोट रस्ता होता, रविवारी अगदी मोकळा. त्यावरूनही बाई अशा बेताने चालल्या होत्या, की एक सायकलवाला त्यांच्या पुढे निघून गेला.

"बाई, दाबा की," क्लचजाळ्या म्हणाला.

बाईंनी दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग कुठूनतरी खोलवरून एक हुंकार आला आणि नाकाडीने त्या सगळ्यांना उचलून पुढे फेकलं. झाडं, भिंती, पाट्या सरसर मागे पळाल्या. बाईंच्या तोंडून "आई गं!" निघालं, आणि आवाज वाढला तसा त्यांचा डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला.

ऑटोमॅटिक गाडीला क्लच नसतो. तिथे जो रुंदसा ब्रेक असतो, त्यावर बाईंचा डावा पाय सगळ्या ताकदीनिशी पडला.

नाकाडी जागच्या जागी गपकन थांबली. क्लचजाळ्याचा पट्टा त्याच्या पोटात रुतला. मागून गुडघा आणि हनुवटी आपटल्याचा आवाज आला.

"कुणाला लागलं का?" बाईंनी घाबरून विचारलं.

"नाही," मागून साहेब म्हणाले. "ब्रेक उत्तम आहेत."

एवढा जन्म दुसऱ्यांच्या पायांवर नजर ठेवण्यात गेला आणि स्वतःचाच पाय दगा देऊन गेला, म्हणून बाई लाजेने लाल झाल्या. क्लचजाळ्या मात्र खिदळत होता. बाईंकडून अशी चूक झालेली बघायला मिळेल म्हणून तो कितीक वर्षं जगला असावा.

मग ठेंगणी. तिच्यात दोनच माणसं मावत असल्यामुळे साहेब शेडपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिले. "मी इथे बरा आहे," म्हणाले. बाईंनी टप मागे दुमडला, खाली खाली जात सीटवर टेकल्या, तेव्हा बूड जवळपास रस्त्यालाच लागलंय असं त्यांना वाटलं. क्लच दाबला. डाव्या पायाला काम मिळालं आणि बाईंच्या अंगातली भीतीच गेली.

गिअरची दांडी बोटभर हलायची आणि खट्‍कन बसायची. इंजिन लहान होतं खरं, पण त्याच्याकडे होतं नव्हतं ते सगळं ते देत होतं. दुसरा, तिसरा, चौथा. हो, चौथा! बाईंना लेकीची आठवण झाली. वळण आलं तर त्यांनी शिकाऊंना सांगायचं तेच स्वतःला सांगितलं, आधी वेग कमी, मग वळण, मग पुन्हा पाय. ठेंगणी वळली, बाईंच्या मनात आलं तिथेच वळली. डोक्यावर मोकळं आभाळ, कानात वारा. बाई हसायला लागल्या आणि मग त्यांना थांबवेना.

"नाकाडी हिच्या किती पुढे निघून जाईल, माहितीये ना बाई?" क्लचजाळ्या वाऱ्यावर ओरडला. दुकानदार असूनही तो प्रामाणिक होता.

"जाऊ दे की!" बाई ओरडल्या. "मला कुठे तिच्याशी शर्यत लावायचीये?"

परत येताना फाटकाजवळ साहेब दिसले. खुर्ची सोडून ते रस्त्याच्या कडेला येऊन उभे होते, कपाळावर हात धरून. गाडी दिसताच हात खाली घेऊन ते घाईघाईने खुर्चीकडे वळले, जणू काही बसलेलेच होते.

क्लचजाळ्याच्या काचेच्या खोलीत तिघं चहा घेत बसले. बाहेर दोन्ही गाड्या उन्हात उभ्या होत्या. बाई एकदा हिच्याकडे बघत, एकदा तिच्याकडे. ठेंगणी मनात भरली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं कुणालाही वाचता आलं असतं. पण ठेंगणी घ्यायची म्हणजे एकटीने फिरायचं. शेजारची सीट इतकी वर्षं रिकामी राहिली, ती आता कायमचीच रिकामी. नाकाडी घेतली तर निदान हे मागे असतील. गुडघे हनुवटीला लावून का होईना, असतील. आरशात दिसतील. बाईंना एकदम रडू आल्यासारखं झालं आणि स्वतःचाच राग आला. या वयात गाडी घ्यायला निघालेल्या बाईने रडू नये, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

"नाकाडी घेऊ," त्या म्हणाल्या.

क्लचजाळ्याने कप खाली ठेवला. "नक्की ना बाई? कारण लालमध्ये तुम्ही—"

"नक्की. भाव टिकतो म्हणालास ना? झालं तर मग. कागद आण."

तो आत गेला. साहेबांनी चहा संपवला, बशी कपाखाली नीट ठेवली आणि उठून बाहेर गेले. बाईंना वाटलं, नाकाडीचा बंपर पुन्हा एकदा बघायला गेले असतील. पण ते नाकाडीवरून पुढे गेले. ठेंगणीचं दार उघडलं, ड्रायव्हरच्या शेजारचं. दार धरून ते जरा वेळ उभे राहिले. मग एक हात कमरेवर, एक हात काचेवर टेकून, वाकून, कण्हत, त्या सीटवर जाऊन बसले.

बाई धावतच बाहेर आल्या. वळसा घालून स्टीअरिंगवर बसल्या.

"अहो, हिला मागे सीट नाही," त्या म्हणाल्या.

"दिसतंय मला."

"मग?"

साहेब समोर काचेकडे बघत होते. बोलले तेव्हा त्यांचा आवाज कामावरचा होता, रिपोर्ट सांगावा तसा. "तुझी शाळा नवी होती तेव्हाची गोष्ट. मला एका गाडीचं काम आलं. शिकाऊ गाडी. पांढरी, टपावर पिवळी पाटी. ट्रकने बाजूने ठोकली होती, शिक्षकाच्या बाजूने. नंबरप्लेट चेपून आत गेली होती, ती उचकटून वाचेपर्यंत... तुझी नव्हती."

बाईंचा हात स्टीअरिंगवरून खाली आला. "आणि तो शिक्षक?"

"वाचला. बरेच महिने अंथरुणात होता, पण वाचला. मी घरी आलो तर तू भलत्या खुशीत होतीस. कुणीतरी पास झालं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच सीटवर बसायला निघून गेलीस."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर शाळा सोडली असतीस?"

बाईंनी खरं तेच उत्तर दिलं. "नाही."

"मग तुझ्या डोक्यात कशाला भुंगा सोडायचा? माझ्या डोक्यात होता तेवढा पुरे होता." साहेबांनी गुडघ्यावर हात फिरवला. "घरच्या गाडीत त्या सीटवर मी बसलो, की मला तिथे तूच दिसायचीस. मागे बसलं की ती सीट रिकामी दिसायची. तिथे कुणी नाही, हे बघून मला बरं वाटायचं. बाकी काही नव्हतं गं."

"आणि मी समजत होते," बाई म्हणाल्या, "की तुमचा माझ्या हातावर विश्वास नाही."

"तुझ्या हातावर होता!" साहेब पहिल्यांदाच बाईंकडे वळले, खरोखर आश्चर्याने. "पण दिवसभर स्टीअरिंगवर हात तुझे कुठे असायचे?"

बाईंनी पदर नाकाला लावला. एवढी वर्षं एका घरात राहून, एका गाडीत बसून, ही सल त्यांनी उगाच जपली होती. त्यांना नवऱ्याचा राग आला, मग दया आली, मग त्या दोन्हींवर मात करून असं काही प्रेम आलं, की त्यांनी साहेबांच्या दंडाला चिमटाच काढला.

"आई गं," साहेब म्हणाले. "हा कशाबद्दल?"

"न सांगितल्याबद्दल."

काचेच्या खोलीच्या दारात क्लचजाळ्या नाकाडीचे कागद घेऊन उभा होता. दोघांना लाल गाडीत बघून तो काही क्षण तसाच उभा राहिला, मग शहाण्यासारखा आत वळला, बहुतेक दुसरे कागद शोधायला.

साहेबांनी पट्टा ओढून लावला. मग एक हात दाराच्या मुठीवर घट्ट धरला आणि दोन्ही पाय पुढे रोवले. बाईंनी ते बघितलं आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं.

"भीती वाटतेय?" त्यांनी विचारलं.

"वाटतेय की," साहेब म्हणाले. "पण आता इथे मी आहे, तू नाहीस. त्यामुळे किरकोळ आहे."

बाईंनी पहिला गिअर टाकला.